बटणांच्या फोनवर २८ दिवस

माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. त्यात पहिल्यांदाच सलग २८ दिवस शटर खाली ठेवलं आणि त्या २८ दिवसांसाठी बटणांचा एक साधा फोन घेतला. हे परीक्षण त्या फोनचं आहे. सुट्टीबद्दल मध्येमध्ये बरंच येईल, कारण सुट्टी नसती तर हा फोन कोणी फुकट दिला असता तरी मी घेतला नसता.

कंपनीचं नाव देत नाही. या वर्गातले फोन एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात, त्यामुळे एकाचं सांगितलं की दहांचं सांगितल्यासारखं आहे. मागचं झाकण नखाने उघडतं. बॅटरी हाताने काढता येते. सिमच्या दोन खाचा आहेत, डोक्यावर टॉर्च आहे आणि ५ च्या बटणावर तो बारीकसा उंचवटा आहे. अंगठ्याला उंचवटा लागला की बाजूची आठ बटणं न बघता सापडतात. मी असा फोन शेवटचा कधी वापरला होता ते आठवत नाही, पण अंगठ्याला आठवत होतं. पहिल्याच दिवशी त्याने न बघता नंबर लावला आणि मला उगाच बरं वाटलं.

घेताना एकच गोष्ट नीट विचारा: फोन ४जी वर कॉल करतो का? दिसायला सगळे सारखे दिसतात, पण काही आतून निव्वळ २जी असतात. अनेक देशांत २जी ची जाळी बंद झाली आहेत किंवा बंद होण्याच्या वाटेवर आहेत. तिथे असा फोन टॉर्च म्हणूनच उरतो. मी आधी तसाच एक उचलला होता, परत करावा लागला.

आता हा खटाटोप कशासाठी ते सांगते.

गेलं वर्षभर माझी पट्टी चुकत होती. फ्रेमच्या पट्टीची टोकं ४५ अंशांत कापतात, दोन टोकं जुळली की काटकोन होतो. अर्धा अंश जरी चुकला तरी चौथ्या कोपऱ्यात फट दिसते. ती फट मला दिसायची आणि मी मेणाची कांडी घेऊन ती भरून टाकायचे. एकोणीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं, पट्टी फेकून नवी कापायचे. मग एकाच आठवड्यात दोन माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) उलट्या मापाचे कापले. उभ्या चित्राला आडवा. तरीही मला वाटत होतं की झोप कमी पडते आहे, बाकी काही नाही.

त्यानंतर एक गृहस्थ आले. हातात पाकिटातून काढलेला पासपोर्ट साइज फोटो, एका कोपऱ्यावर शिक्का उमटलेला. आईचा एवढा एकच फोटो आहे, मोठा करून फ्रेम करायचा आहे असं ते सांगत होते. ते अजून बोलत असतानाच मी विचारलं, ‘साइज काय?’ आणि मनात आलं, आणखी एक. ते गप्प झाले. मी पावती फाडून दिली. त्या रात्री मला त्यांचा चेहरा आठवला नाही, पण फोटोवरचा शिक्का मात्र आठवत राहिला.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला लावलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, सगळं ठीक निघालं. (हे तुम्हीही आधी करा. थकवा कशाचाही असू शकतो. आणि कशातच मन रमत नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर ते सुट्टीवर ढकलू नका आणि या फोनवर तर मुळीच नको, थेट डॉक्टर गाठा.) मग त्यांनी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. मला वाटलं, हे नोकरी करणाऱ्यांचं दुखणं आहे. ज्याला साहेब आहे त्याला होतं, माझी साहेब मीच.

घरी येऊन वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या दिली आहे. तिथेही त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. खुणा तीन: अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरी खूण वाचताना तो शिक्क्याचा फोटो डोळ्यासमोर आला. आणखी एक गंमत सापडली. १९७४ मध्ये या अवस्थेवर पहिल्यांदा शास्त्रीय लेख लिहिणाऱ्यांपैकी एक होते न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर. ते दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळनंतर एका मोफत दवाखान्यात राबायचे. जे लिहिलं ते आधी त्यांनी स्वतः भोगलं होतं. म्हणजे सुरुवातीचा पेशंट आपल्यातलाच, स्वतःचं दुकान चालवणारा.

सुट्टी ठरवायला मला एक दिवस लागला आणि घ्यायला आठ महिने. भाडं थांबत नाही, सहायकाचा पगार थांबत नाही, म्हणून दर आठवड्याला थोडं बाजूला काढत गेले. बंद करण्याच्या तीन आठवडे आधी नवीन काम घेणं थांबवलं. तेव्हा हातात ४१ कामं होती. ३८ पुरी झाली, तिघांना तोंडावर सांगितलं की परत आल्यावर करते. दोघं हो म्हणाले, तिसऱ्याने चित्र परत नेलं. घरात नवऱ्याचं एकच पालुपद: ‘अगं, महिनाभर बंद दिसलं तर लोक कायमचं बंद समजतील.’ स्टेफान सागमायस्टर नावाचे एक डिझायनर दर सात वर्षांनी आपला स्टुडिओ वर्षभर बंद ठेवायचे. त्यांचं २००९ चं भाषण मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, त्यांना सांग आपलं भाडं भरायला. तेही खरंच आहे. वर्ष राहू दे, मला महिना पुरे होता.

आता फोनकडे येते, कारण त्याने पहिला खरा उपकार इथेच केला.

जुन्या गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचा होता. दुकानाचं सिम शेवटच्या आठवड्यात या फोनच्या दुसऱ्या खाचेत टाकलं होतं, म्हणून इथूनच लिहायला बसले. देवनागरी लिहायची म्हणजे एका अक्षरासाठी तेच बटण तीन-चारदा दाबायचं, चुकलं की मागे जाऊन पुन्हा. मी लिहिलं: ‘नमस्कार. प्रकृतीच्या कारणामुळे काही दिवस दुकान बंद ठेवावं लागत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनापासून क्षमस्व.’ वीस मिनिटं गेली. वर कोपऱ्यात आकडा दिसला, दोन मेसेज.

एसएमएसचं गणित मला भाच्याने समजावलं. एका मेसेजला १४० बाइटची जागा असते. इंग्रजी अक्षरं त्यात १६० मावतात, पण देवनागरीच्या प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, म्हणून आपल्याला ७० च मिळतात. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘विश्रांती’ हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा दिसतो, फोन त्याचे नऊ मोजतो. मजकूर लांबला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात. माझा मेसेज १०७ चा होता. पहिला तुकडा बरोबर ‘लागत आहे’ला पूर्णविरामासकट संपत होता आणि दुसऱ्या तुकड्यात गैरसोयीबद्दल क्षमस्व, एवढंच उरत होतं. म्हणजे दुसरा मेसेज मी निव्वळ माफी मागायला पाठवणार होते, प्रत्येकाला.

तो काढून टाकला. मग पहिलाही काढून टाकला. प्रकृतीचं कारण म्हणजे काय, लोक ऑपरेशन समजतील. शेवटी हे लिहिलं: ‘मी थकले आहे. दुकान २८ दिवस बंद. तयार काम शनिवारी मिळेल.’ ५५ अक्षरं. जागा उरली होती तरी काही भरलं नाही. स्मार्टफोनवर लिहायला बसले असते तर चार परिच्छेद झाले असते, खाली हात जोडलेली दोन चित्रं, आणि थकल्याचा उल्लेख कुठेच नसता. या फोनने मला खरं बोलायला लावलं ते त्याच्या गैरसोयीमुळे. हा गुण डब्यावर छापलेला नसतो.

उत्तरं आली. बरीचशी ‘ठीक आहे’ एवढीच. एका शाळेतल्या बाईंनी लिहिलं, ‘मी पण.’ त्या दोन शब्दांवर मी बराच वेळ बसून होते.

पहिल्या दिवशी मी फारच हुशारी केली. दुकानाचं सिम मेनूतून बंद केलं आणि त्याआधी कॉल वळवण्याची सोय लावून ठेवली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: जीएसएम म्हणजे मोबाइलच्या जाळ्यात यासाठी ठरलेले आकडे आहेत. स्टार २१ स्टार, मग नंबर, मग हॅश दाबलं की सगळे कॉल दुसरीकडे जातात. ६१ म्हणजे उचलला नाही तर, ६२ म्हणजे फोन बंद किंवा आवाक्याबाहेर असेल तर, ६७ म्हणजे बोलणं चालू असेल तर. हॅश हॅश ००२ हॅश दाबलं की सगळं रद्द. या आकड्यांचा वापर करून फसवणूकही होते, त्यामुळे कोणी अनोळखी माणूस फोनवर ‘हे दाबा’ म्हणाला तर दाबायचं नाही. काही ठिकाणी ही सोय ग्राहक सेवेकडूनच चालू करून घ्यावी लागते. मी ६२ लावलं आणि पुढे नंबर टाकला आमच्या दुकानातल्या पोराचा. पोरगा म्हणते, आता २६ वर्षांचा आहे. सहा वर्षं माझ्याकडे आहे, काच माझ्यापेक्षा सुबक कापतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला. दारातच उभा राहिला. ‘ताई, रागावू नका. पण तुमची सुट्टी मला लागली.’

तीन दिवसांत साठावर कॉल घेतले होते त्याने. माझ्या गळ्यातली घंटा काढून मी त्याच्या गळ्यात बांधली होती, आणि पगार तोच. मला इतकी लाज वाटली की आधी सिम चालू करून सगळे कॉल परत माझ्याकडे घ्यावेत असंच वाटलं. त्यानेच अडवलं. म्हणाला, ‘कोणाचं काही अडलेलं नाही. माझी फ्रेम झाली का, एवढंच विचारतात. झाली असेल तर शनिवारी मिळेल, नसेल तर तुम्ही आल्यावर. मेसेजमध्ये हेच आहे की.’ त्याच्यासमोर बसून हॅश हॅश ००२ हॅश दाबलं. तेवढ्यापुरतं सिम चालू करावं लागलं, पुन्हा बंद केलं. त्यानंतर दुकानाचा नंबर लागेनासा झाला. कोणाकडेच नाही. शनिवारी दोन तास तो शटर उघडून तयार कामं द्यायचा, बाकीचे दिवस त्यालाही सुट्टी. पगारी सुट्टी, हे वेगळं सांगायला नको. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

फोनचा एक मोठा दोष सहाव्या दिवशी कळला. तसा तो दोष फोनचा नाही, माझ्या व्यवस्थेचा. बँकेचा ओटीपी दुकानाच्या नंबरवर येतो. भाडं भरायचं राहून गेलं होतं. दोन मिनिटांसाठी सिम चालू केलं. ओटीपी आला, आणि त्याच्या मागोमाग १४ मेसेज. फोनची स्क्रीन एवढीशी, एका वेळी तीन ओळी दिसतात, तरी मी चौदाच्या चौदा वाचले. एकात फक्त ‘?’ होतं. त्या प्रश्नचिन्हाने माझी रात्र खाल्ली. कोणाचं असेल, कशाबद्दल असेल. नंबर नावानिशी साठवलेला नव्हता, कारण या फोनमध्ये मी फक्त ११ जणांचे नंबर घातले होते. (सिमवर साठवलीत तर देवनागरी नावं अर्ध्यात तुटतात. फोनच्या मेमरीत साठवा.) सांगायचं म्हणजे, भाडं, वीज, हप्ते, जे काही ओटीपी मागणार आहे ते सगळं बंद करण्याच्या आधी उरकून घ्या. सहाव्या दिवशी मी पुन्हा पहिल्या दिवसावर गेले होते.

बाकी दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. पहिले पाच दिवस डोकं दुखलं आणि मी रोज दहा-अकरा तास झोपले. खिशात फोन नसतानाही मांडीवर थरथर जाणवायची, हे मी ऐकून होते, स्वतःला झालं तेव्हा दचकले. काही सुचायचं नाही. फोनवर सापाचा खेळ आहे तो खेळले, पाच मिनिटांत कंटाळले. हे मात्र मोठंच काम झालं, कारण स्मार्टफोनवर मी कधी कंटाळतच नव्हते, फक्त थकत होते.

नेदरलँड्समध्ये येसिका द ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब सुट्टी घेणाऱ्या नोकरदारांचा अभ्यास केला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तब्येत आणि मन सर्वांत चांगलं आढळलं ते सुट्टीच्या आठव्या दिवशी. आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळं पूर्वपदावर. पहिलं वाक्य वाचून मी आठव्या दिवसाची वाट बघत बसले. आठवा दिवस आला आणि साधा गेला. माझा दिवस अकरावा निघाला. दुपारी पडल्या पडल्या भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकट बघत होते, तिचा खालचा डावा कोपरा उघडा पडलेला. एरवी मला आधी फट दिसली असती. त्या दिवशी आधी लाकूड दिसलं, त्यातल्या रेषा. कोणी बनवली असेल असं मनात आलं. महिन्यांनंतर मला एका चौकटीबद्दल कुतूहल वाटत होतं.

त्यानंतर पेन्सिल घेऊन स्वतःचा डावा हात काढायला लागले. एकोणीस वर्षं लोकांची चित्रं काचेत बसवली, स्वतः एक रेघ मारली नव्हती. वाईट यायचं, रोज थोडं कमी वाईट. सबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोघींनी २००७ मध्ये विश्रांती मोजायची प्रश्नावली तयार केली, तीत चार गोष्टी आहेत: मनाने कामापासून सुटणं, सैलावणं, नवीन काही शिकणं आणि वेळ आपल्या मर्जीने घालवणं. तिसरी मला आधी पटली नव्हती. विश्रांती म्हणजे पडून राहणं, अशीच माझी समजूत. पण नुसतं पडून राहिले की डोक्यात त्या उरलेल्या दोन कामांची मापं फिरायची. अंगठ्याच्या नखावरची चीर काढताना कोणतंच माप फिरत नव्हतं. ती चीर काचेने पडलेली आहे, जुनी.

डोक्यात फिरणाऱ्या त्या कामांवर एक उपाय लागू पडला. अर्धवट काम डोक्यात घर करून बसतं, हे मानसशास्त्रज्ञ ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं. पण मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की काम पुरं करावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करणार याचा पक्का बेत केला तरी मन ते सोडून देतं. या फोनमध्ये कॅलेंडर आहे, ओबडधोबड. त्यात परतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला लिहिलं: समुद्राचं चित्र, पांढरा माउंट, ४० बाय ३०. तिसऱ्या दिवशी दुसरं काम. त्या रात्रीपासून समुद्र आला नाही. फोनच्या कॅलेंडरला एवढ्यासाठी एक गुण जास्त.

आता फोनच्या तक्रारी, एका दमात. कॅमेरा आहे, नसता तर बरं झालं असतं. रेडिओ वायरचे इयरफोन लावल्याशिवाय लागत नाही, कारण वायर हाच त्याचा एरियल. बटणांचा आवाज बंद करेपर्यंत घर डोक्यावर घेतं, आणि बंद करायची जागा मेनूत चौथ्या पायरीवर. स्पीकर इतका मोठा की पलीकडचं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू जातं, बहिणीशी नवऱ्याबद्दल बोलताना जपून. जोडाक्षरं काही वेळा सुटी पडतात, ‘प्रकृती’चा प पाय मोडून एकटाच उभा राहतो. चार्जरची पिन जुन्या पद्धतीची, घरात एकच वायर उरली होती. अलार्म मात्र भरवशाचा. बॅटरी पाच दिवस जाते, सहाव्या दिवशी न सांगता मरते. नकाशा नाही, त्यामुळे दोनदा रस्ता विचारावा लागला. विचारला, मिळाला.

आणि एक तक्रार, जी फोनवर काढणं बरोबर नाही. सुरुवातीला मला वाटत होतं की माझा स्मार्टफोनच दुखण्याचं मूळ आहे. तो दुकानाच्या खणात बंद पडून होता तरी दहाव्या दिवसापर्यंत मी रोज सहायकाला विचारत होते, कोणी माझ्याबद्दल विचारलं का. कामाबद्दल नाही, माझ्याबद्दल. विचारलं नाही असं तो म्हणाला की मला वाईट वाटायचं. एवढा खटाटोप करून कॉल थांबवले आणि मग कॉल येत नाहीत म्हणून खट्टू. बटणांच्या फोनला यावर बटण नाही.

परतल्यावर पहिला आठवडा फक्त अर्धा दिवस दुकान उघडलं. त्या अभ्यासातलं दुसरं वाक्य डोक्यात होतं, की पहिल्या आठवड्यात सगळं धुऊन जातं. काही प्रमाणात गेलंच. तिसऱ्या दिवशी आवाज चढला माझा, पट्टीवाल्यावर. पण चौथ्या कोपऱ्यात फट राहिली तेव्हा मेणाची कांडी उचलली नाही, पट्टी फेकली. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली, दुसरीकडे काम दिलं त्यांनी, तोंडावर सांगून गेले. बाकीचे आहेत. शिक्क्याच्या फोटोवाले गृहस्थ शनिवारीच येऊन फ्रेम घेऊन गेले होते, माझी भेट झाली नाही. सहायक सांगत होता की त्यांनी शिक्का तसाच ठेवल्याबद्दल विशेष आभार मानले. तो मी मुद्दाम ठेवला नव्हता. पुसायचा कंटाळा केला होता.

आता दुकानाचं सिम सकाळी १० ला चालू होतं आणि संध्याकाळी ६ ला बंद. त्यासाठी स्मार्टफोनच वापरते, धंद्याला फोटो पाठवावे लागतात, तिथे बटणांचा फोन कुचकामी आहे. रोजच्या वापरासाठी घ्या असं मी कोणाला म्हणणार नाही. महिनाभरासाठी घ्यायचा तर पाचपैकी साडेतीन. त्याआधी भाडं बाजूला काढलेलं नसेल, कामं संपवलेली नसतील आणि कॉल दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचा विचार असेल, तर शून्य.

गेल्या आठवड्यात सहायकाने विचारलं, ‘ताई, तो फोन पुढच्या महिन्यात मला मिळेल का? चौदा दिवसांसाठी.’ हो म्हटलं. चार्ज करून काउंटरच्या खणात ठेवला आहे. माझी ११ नावं पुसायची राहिली आहेत.